पाय की पेडल?

बुनमी गुरुजींच्या पिकअपचा ब्रेक कडक झालाय, हे सगळ्यात आधी कळलं ते बाजारातल्या शेवयांच्या गाडीवालीला. गुरुजी सकाळी नेहमीच्या जागी गाडी लावायला गेले, ब्रेकवर पाय ठेवला, आणि ब्रेकने पायाला ओळखच दाखवली नाही. त्यांनी दाबला. मग जोर लावून दाबला. शेवटी स्टीअरिंगला धरून सीटवरून जवळजवळ उठलेच, तेव्हा कुठे गाडी थांबली, ती उकळत्या रश्श्याच्या पातेल्याला नाक लावून. शेवयांवालीने हातातला झारा खालीही ठेवला नाही. तिने विचारलं, "गुरुजी, इथे खाणार की बांधून देऊ?"

शेजारी बसलेल्या लामदुआनबाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. "अहो, उभे का राहिलात? बाजारातल्या कर्ण्यावर रोजचं राष्ट्रगीत लागायची वेळ तर होऊन गेली."

"ब्रेक लागत नव्हता."

"लागत नव्हता, की तुम्हाला दाबवत नव्हता?"

बाईंनी हे सहज विचारलं आणि त्या कोथिंबीर बघायला उतरल्या. गुरुजी मात्र गाडीतच बसून राहिले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असलं काही सहज विचारू नये. गाडी बिघडली तर गॅरेज असतं. पाय बिघडला तर नुसते सल्ले मिळतात, तेही फुकट, आणि तेही न मागता.

त्यात गुरुजी शब्दाला अडकलेले होते. त्यांची एकुलती एक मुलगी पुई बँकॉकला विमा कंपनीत नोकरीला. मागच्या सोंगक्रानला, म्हणजे आपल्या नव्या वर्षाच्या पाण्याच्या सणाला, ती आली होती तेव्हा तिने वडिलांकडून वचन घेतलं होतं. "बाबा, पायात जोर राहिला नाही असं ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशी चावी माझ्या हातात द्यायची. मला मागायला लावायचं नाही." गुरुजींनी मोठ्या रुबाबात हो म्हटलं होतं. वचन देताना पाय ठणठणीत असला की रुबाब आपोआप येतो.

आता ही पिकअप काही मोठी ऐट करावी अशी गाडी नव्हती. निळा रंग उन्हाने पांढुरका झालेला, मागच्या फळीला दोरी बांधलेली. पण तिच्याकडे कामं मोठी होती. ती लामदुआनबाईंना बाजारात न्यायची. सोंगक्रानला विहारातली बुद्धमूर्ती तिच्यात बसून सगळ्या नोंगसाई गावातून फिरायची आणि लोक मूर्तीवर सुवासिक पाणी घालायचे. आणि पुई आली की तिला बस स्टँडवरून घरी आणायची, सुट्टी संपली की परत सोडायची. पहिली दोन कामं दुसऱ्या कोणी केली असती तर गुरुजींनी कुरकुरत का होईना सोसलं असतं. तिसऱ्या कामाबद्दल ते कोणाशी बोलत नसत.

तर ब्रेक. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी रिवाजाप्रमाणे चपला काढून गाडीत दारापाशी ठेवल्या, अनवाणी आत बसले, इंजिन सुरू केलं. त्यांचं अंगण रस्त्याकडे उतरतं आहे, त्यामुळे हँडब्रेक सोडायच्या आधी पायाचा ब्रेक दाबून धरावा लागतो. त्यांनी तो दाबला आणि समोरून कुठूनतरी आवाज आला: च् च् च्.

लामदुआनबाई एक पाय गाडीत आणि एक पाय जमिनीवर अशा थबकल्या. "पाल चुकचुकली."

"अगं, असेल कुठेतरी."

"निघताना चुकचुकली. आज जायचं नाही."

"बाजारात जायचंय लामदुआन, लढाईवर नाही."

"ज्यांना लढाईवर जायचं असतं त्यांना कळतं तरी की आपण लढाईवर चाललोय," असं म्हणून बाई उतरल्या आणि घरात जाऊन पाणी प्यायल्या. आमच्याकडे हा नियमच आहे. घरातून निघताना पाल बोलली की थांबायचं, बसायचं, पाणी प्यायचं. गुरुजींनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं आणि पालीवर त्यांचं एक खास व्याख्यान होतं. ते त्यांनी बाईंना पुन्हा एकदा ऐकवलं. बाईंनी ते संपूर्ण ऐकलं आणि पुन्हा गाडीत बसल्या. गुरुजींनी ब्रेक दाबला. च् च् च्. बाई उतरल्या.

हे दुसऱ्या दिवशी झालं, तिसऱ्या दिवशीही झालं. घरातली भाजी संपली. चिकट भात आणि खारवलेली मासळी यांवर दिवस निघू लागले. तेव्हा गुरुजींनी जाहीर केलं की गाडीत पाल शिरली आहे आणि ती बाहेर काढल्याशिवाय आपण स्वस्थ बसणार नाही. समोरचा कप्पा सोडवला, सीट उचलली, पायपुसणी झटकली. आतून सुकलेल्या मोगऱ्याच्या माळा निघाल्या, भंतेंनी दिलेले ताईत निघाले, आणि पुईची शाळेतली केसांची पिन निघाली. ती बाईंनी पदराच्या गाठीत बांधावी तशी कमरेच्या वस्त्रात खोचून टाकली. पाल काही निघाली नाही.

या सगळ्या काळात ब्रेक कडकच होता. गुरुजी संध्याकाळी एकटेच गाडी काढत, गल्लीच्या टोकापर्यंत जात, तिथे सगळा जीव पायात आणून थांबत आणि परत येत. कधी वाटे, पेडलच दगड झालंय. कधी वाटे, नाही, पेडल जुनंच आहे, दाबणाराच तो राहिला नाही. गुडघा तर कुरकुरत होताच. पण तो आधीपासून कुरकुरत होता की ब्रेक कडक झाल्यापासून, हे काही केल्या आठवेना.

गॅरेज चौकातच होतं. तिकडे ते का गेले नाहीत, असं कोणीही विचारील. गुरुजींनी स्वतःलाच ते विचारलं होतं. गॅरेजवाल्याने दाबून बघितलं आणि "ब्रेक उत्तम आहे गुरुजी" असं म्हटलं, तर मग पुढे अपील नाही. निकाल लागेपर्यंत माणूस निर्दोष असतो. तेवढे दिवस जितके वाढतील तितके बरे, असा त्यामागे विचार होता.

पण गल्लीत गुपित टिकत नाही. समोरच्या खताच्या दुकानाचा मालक थोंगदी एका संध्याकाळी दात कोरत आला. थोंगदीकडे नवी कोरी, उंच, काळी पिकअप होती. बुद्धमूर्ती आपल्या गाडीत बसावी अशी त्याची मनापासून इच्छा होती आणि ती त्याने कधी लपवलीही नव्हती. तरी माणूस वाईट नव्हता.

"गुरुजी, तुम्ही गल्लीच्या टोकाला उभे राहून गाडी थांबवता असं ऐकलं."

"ब्रेक कडक आहे."

"बघू तरी."

गुरुजी चावी लावायला गेले, तर थोंगदी म्हणाला, "इंजिन कशाला? ब्रेक काय इंजिनला असतो? चाकाला असतो." गुरुजींना हा मुद्दा शास्त्रीय वाटला, शिवाय डिझेल वाचत होतं. थोंगदी आत बसला. त्याने ब्रेक दाबला. पहिल्याच दाबाला त्याच्या भुवया वर गेल्या. "अहो, खरंच की. दगड झालाय."

गुरुजींना जो आनंद झाला तो बघण्यासारखा होता. आपल्या गाडीचा ब्रेक नादुरुस्त आहे हे ऐकून एवढा खूश झालेला माणूस आमच्या गल्लीने पूर्वी पाहिला नव्हता.

पण थोंगदी हाडाचा व्यापारी. कुठलाही माल दुसऱ्या मालाशी ताडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तो रस्ता ओलांडून आपल्या काळ्या पिकअपमध्ये बसला. इंजिन अर्थातच बंद. दोनदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला, आणि तो आत तसाच बसून राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. "गुरुजी, माझाही."

मग काय विचारता. बर्फवाला आपल्या गाडीत चढला. त्याचाही ब्रेक कडक. बांबूच्या टोपल्या विकणाऱ्याचा कडक. विटा वाहणाऱ्याचा तर इतका कडक की तो खाली उतरून रस्त्यावरच बसला. गल्लीतल्या प्रत्येक पिकअपमध्ये कोणी ना कोणी अनवाणी बसून ब्रेक दाबत होतं आणि मान हलवत होतं. इंजिन सुरू करून बघावं असं एकालाही वाटलं नाही, कारण ब्रेक बिघडलेली गाडी सुरू करायची नसते, एवढं तर लहान मूलही सांगेल. कोणी म्हणालं साथ आहे. कोणी म्हणालं, पेट्रोलपंपावरच काहीतरी मिसळलंय. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली पायी बाजारात गेली आणि वाटेत सगळ्यांनी बुनमी गुरुजींकडे असं पाहिलं की रोग त्यांच्याच अंगणातून निघालाय.

शेवटी थोरल्या भंतेंना बोलावलं. भंते आले, त्यांनी रांगेने उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या. म्हणाले, "ब्रेकसाठी वेगळा मंत्र नाही. गाडीसाठी असतो तोच म्हणतो, त्यात ब्रेक आला." पांढरा पवित्र दोरा एका आरशापासून दुसऱ्या आरशापर्यंत नेत सगळ्या गाड्यांतून ओवला. भंतेंनी मंत्र म्हटला, कुंच्याने पाणी शिंपडलं, आणि बायकांनी वाढलेली कच्च्या पपईची कुटलेली कोशिंबीर न खाता, कारण दुपार उलटल्यावर भंते जेवत नाहीत, निघून गेले.

पुढच्या सकाळी बर्फवाल्याला बर्फ वितळायच्या आत जाणं भागच होतं. त्याने देवाचं नाव घेऊन इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबला. लोण्यासारखा मऊ. त्याने आरोळी ठोकली. सगळ्यांनी आपापल्या गाड्या सुरू केल्या. सगळ्यांचे ब्रेक मऊ. विटावाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरुजींनीही गाडी सुरू केली आणि ब्रेक दाबला. पेडल दगड. च् च् च्.

गल्लीतल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. थोंगदीने फार मायेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी, मंत्र सगळ्यांना सारखाच होता हो. दोरासुद्धा एकच."   दुपारपर्यंत घरात गुडघ्याच्या मलमांच्या डब्या येऊन पडल्या. एका म्हातारीने तर आपल्या नवऱ्याची काठी पाठवली, आणि तो गेल्यापासून ती नुसती पडूनच आहे असा निरोपही दिला.

संध्याकाळी पुईचा फोन आला. तिला सगळं कळलं होतं. बँकॉक आमच्यापासून रात्रभराच्या बसवर आहे, पण बातमीला बस लागत नाही.

"बाबा, मी सणाला येतेय. स्टँडवर घ्यायला यायचं नाही. मी रिक्षा करून येईन."

"अगं, पायाला काही झालेलं नाही. पेडल..."

"बाबा, प्लीज."

गुरुजींनी फोन ठेवला आणि बराच वेळ भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या चावीकडे बघत बसले. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मग भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बसने तालुक्याच्या इस्पितळात गेले. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, सरळ केला, हातोडीने ठोकून पाहिला. "पाय तुमच्या वयाला शोभेसा आहे."

"ब्रेक दाबण्याइतका आहे का?"

"ते आम्ही कसं सांगणार? ते वाहतूक कार्यालय बघतं."

वाहतूक कार्यालयात परवान्याच्या चाचणीसाठी एक यंत्र असतं. पाटावर पेडल बसवलेलं, समोर दिवा. दिवा लाल झाला की ब्रेक मारायचा, किती वेळात मारला ते काटा दाखवतो. खिडकीतल्या बाईंनी गुरुजींचा परवाना पाहिला. "याची मुदत अजून आहे. संपत आली की या, तेव्हा चाचणी होईल."

"पण मला पाय आजचा तपासायचाय."

"मुदत असलेल्या माणसाचा पाय आम्हाला तपासता येत नाही. पायाचं काही असेल तर इस्पितळात जा."

"तिकडूनच आलोय."

बाईंनी मान वर करून पाहिलं. "बुनमी गुरुजी? मी तुमच्या वर्गात होते. तुम्ही पेल्यावर कागद ठेवून पेला उलटा करायचात, आणि पाणी सांडायचं नाही."

गुरुजींना ती आठवली नाही, पण पेला आठवला. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली तेव्हा तिने त्यांना गुपचूप यंत्रासमोर बसवलं. दिवा लाल झाला. गुरुजींनी गेले कित्येक दिवस लावत होते तेवढा, सवयीचा जोर लावला. पेडल पाटाला जाऊन भिडलं, पाट फरशीवरून सरकला आणि पलीकडच्या भिंतीवर आपटला.

तिने काटा पाहिला, मग भिंत पाहिली. "गुरुजी, पाय छान आहे तुमचा. पण एवढा जोर कशाला?"

"माझ्या गाडीला एवढा लागतो."

"मग गाडी दाखवा कोणाला तरी."

"हेच मला कागदावर लिहून दे."

"कागद कसा देऊ? तुम्ही आज इथे आलाच नाहीत," ती पाट जागेवर ओढत म्हणाली.

गुरुजी परतले ते ताठ मानेने. पाय शाबूत होता. आता गॅरेजला भ्यायचं कारण नव्हतं. ते स्टँडवरून थेट गॅरेजकडे गेले. दाराला कुलूप होतं आणि सणासाठी सासुरवाडीला गेल्याची पाटी होती.

पुई सणाच्या आदल्या दिवशी सकाळी आली, रिक्षाने. गुरुजी पहाटेपासून शर्ट घालून अंगणात बसले होते. रिक्षावाल्याने तिची बॅग उतरवली. ती गुरुजींनीच नेहमी उतरवायची असते. ते उठेपर्यंत ती जमिनीवर होती. पुईने वाकून नमस्कार केला, आईच्या गळ्यात पडली, भात खाल्ला, भांडी घासली. मग बांबूच्या माचावर वडिलांशेजारी येऊन बसली.

"बाबा, चावी."

"मागायला लावायचं नाही म्हणाली होतीस तू."

"हो. तरी मागावी लागली."

"पाय गेला असता तर दिली असती. पाय गेलेला नाही. पेडल कडक आहे."

"सगळ्यांचे ब्रेक दोऱ्याने मऊ झाले म्हणतात."

"तू शिकलेली मुलगी आहेस, पुई."

"तुम्हीही शिकलेले आहात," ती हळूच म्हणाली. "बाबा, मी तिकडे रोज अपघातांचे दावेच वाचते. प्रत्येकात कोणीतरी म्हणतं, गाडीच थांबली नाही. मला तुमचा तसला कागद वाचायचा नाही."

गुरुजी उठून भिंतीपाशी गेले. त्यांनी खिळ्यावरची चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. समोर थोंगदी आपली काळी गाडी धुवायला लागला होता, उद्याच्या मूर्तीसाठी. तो इकडे बघायचं टाळत होता, म्हणजे त्याला सगळं दिसत होतं.

लामदुआनबाईंनी कोपऱ्यावरून थंड कॉफी आणली, प्लास्टिकच्या पिशवीत बर्फासकट भरलेली, तोंडाला रबर आणि वर नळी. दुःखात माणसाला गोड द्यावं, एवढंच त्यांचं शास्त्र. गुरुजींनी ओढली. काही आलं नाही. पुन्हा ओढली. गाल आत गेले, डोळे मोठे झाले, कानशिलं दुखली, आणि नळीतून नुसतंच फुरफुरलं. एवढ्या सगळ्यात पुईला हसू आलं. "बाबा, नळी फाटलीय. हा बघा चरा. हवा ओढताय तुम्ही."

गुरुजींनी चऱ्यावर बोट दाबलं. कॉफी सरसर वर आली. त्यांनी बोट काढलं. फुरफुर. पुन्हा ठेवलं. कॉफी. ते असं इतक्या वेळा करत राहिले की बाईंना काळजी वाटायला लागली.

"लामदुआन," ते एकदम म्हणाले, "पाल नेमकी कधी चुकचुकते?"

"निघताना."

"निघताना म्हणजे केव्हा? मी काय करत असतो तेव्हा?"

बाईंनी आठवलं. "तुम्ही ब्रेकवर पाय ठेवता ना, तेव्हा. काढला की गप्प बसते."

"आणि इंजिन बंद असताना?"

"कधीच नाही. तेव्हा कुठे निघणार असता तुम्ही?"

गुरुजी उठले. गुडघा कुरकुरला, त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "पुई, गाडीत बस. तूच बस. चावी तुझ्याकडेच आहे. इंजिन सुरू कर आणि ब्रेक दाब."

पुईने चपला काढल्या, आत बसली, इंजिन सुरू केलं. दाबला. तिने सीट पुढे ओढली आणि पुन्हा दाबला. मग दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरलं. च् च् च्, आतून आवाज आला. तिची मान हळूहळू खिडकीतून बाहेर आली.

"बाबा, हे दाबलंच जात नाहीये."

गल्लीत इतके पाय इतक्या ब्रेकवर पडले होते, पण या पेडलवर इंजिन चालू असताना पडलेला, गुरुजींचा सोडून, हा पहिलाच पाय. तिने पुन्हा दाबून पाहिलं, मग तिथेच बसून राहिली. "हे तुम्ही असं रोज दाबत होता?"

"रोज."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो," गुरुजी म्हणाले, आणि बॉनेट उघडायला गेले. लामदुआनबाईंनी कान लावला, कारण पाल कुठे बोलते ते ऐकण्याचा सराव त्यांनाच होता. पुई ब्रेक दाबत राहिली. बाई इंजिनाभोवती वाकत वाकत गेल्या आणि एका जाड रबरी नळीपाशी थांबल्या. "इथे आहे." गुरुजींनी नळी चाचपली. टोकाशी खालच्या बाजूने लांब चीर गेली होती. इंजिन या नळीतून हवा ओढून घेतं आणि त्या ओढीचा जोर ब्रेकला मिळतो. तो मिळेना म्हणून सगळा भार पायावर; आणि इंजिन बंद असलं तर तो कुठल्याच गाडीला दोन-तीन दाबांपुढे मिळत नाही. त्यांनी तळवा दाबून चीर बंद केली. च् च् थांबलं आणि आत बसलेली पुई ओरडली, "खाली गेलं. बाबा, एकदम खाली गेलं."

गुरुजींनी तळवा काढला नाही. तसेच वाकून उभे राहिले. इंजिन बंद करून ब्रेक बघणाऱ्या त्या सगळ्या मूर्खांत आपणही होतो, विज्ञानाचे मास्तर, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं, पण त्यावर विचार करायला पुढे भरपूर वर्षं होती.

बॉनेट उघडलेलं बघून थोंगदी आलाच. त्याने चीर पाहिली, गुरुजींच्या पायाकडे पाहिलं. "या अवस्थेत चालवत होता तुम्ही? पाय आहे की रेड्याचा खूर?" गुरुजींना आयुष्यात बऱ्याच शाबासक्या मिळाल्या होत्या, शिक्षण खात्याचीसुद्धा, पण हिच्याइतकी गोड एकही लागली नव्हती. थोंगदी दुकानात गेला आणि पोती आवळायला ठेवलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन आला. काळ्या गाडीच्या अंगावर अर्धा साबण तसाच होता. गुरुजींनी नळीचं फाटकं टोक कापलं, उरलेली ओढून बसवली, आणि थोंगदीने स्वतःच्या हाताने वरून पट्टी आवळली. सणानंतर नवी नळी टाकायची, तोवर हळू चालवायची, असं ठरलं. मूर्तीची मिरवणूक तर पायी चालणाऱ्यांच्या वेगानेच निघते.

पुईने चावी दोऱ्यातून सोडवून पुन्हा खिळ्याला टांगली. 

दुसऱ्या दिवशी मूर्ती निळ्या पिकअपमध्ये बसली, फुलांत आणि पांढऱ्या दोऱ्यांत नीट बांधलेली. तिच्या पायाशी सुवासिक पाण्याचा मोठा हंडा. थोंगदी मान म्हणून मागच्या फळीपाशी, हंड्याला हात देऊन चालत होता. पहिल्या वळणावर म्हातारीकोतारी पाण्याचे वाडगे घेऊन उभी होती. गुरुजींनी गाडी थांबवायला ब्रेक मारला. डोक्याला कळलं होतं की ब्रेक आता मऊ आहे. पायाला अजून कोणी सांगितलं नव्हतं. गाडी जागच्या जागी खिळली. मूर्ती दोऱ्यांमुळे हललीसुद्धा नाही. थोंगदी मात्र फळीवर आपटला, आणि पुढे जाऊन धडकलेला हंडा उसळी मारून परत आला तो त्याच्याच डोक्यावर रिकामा झाला.

सोंगक्रानला भिजवल्याबद्दल कोणी कोणावर रागवत नाही. थोंगदीने डोळ्यांवरच्या मोगऱ्याच्या पाकळ्या काढल्या आणि शांतपणे जाहीर केलं, "ब्रेक लागतोय."

सुट्टी संपली. पुईला संध्याकाळच्या बसने निघायचं होतं. चिकट भाताची टोपली, वाळवलेलं मांस, आंबे, सगळं मागे चढलं. गुरुजींनी चपला काढल्या, इंजिन सुरू केलं, ब्रेकवर अलगद पाय ठेवला. आता तो अगदी शहाण्यासारखा खाली जात होता. शेजारी पुई, तिच्या केसांत शाळेतली ती जुनी पिन. लामदुआनबाई दाराशी उभ्या होत्या.

गुरुजींनी इंजिन बंद केलं.

"काय झालं?" पुईने विचारलं.

"पाल चुकचुकली."

"नळी परत सुटली का? पट्टी..."

"नळी नाही. खरी पाल. भिंतीवरची."

"मला नाही ऐकू आली."

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. लामदुआनबाईंनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. "मी ऐकली," त्या म्हणाल्या. "स्पष्ट."

"बाबा, बस चुकेल. आणि तुम्ही विज्ञान शिकवायचात."

"म्हणूनच. इतके दिवस ती ओरडून सांगत होती आणि मी ऐकलं नाही. बघितलंस ना काय झालं ते."

पुईने भिंतीकडे पाहिलं. भिंत रिकामी होती. मग तिने दार उघडलं, चपला पायात घातल्या आणि मागची आंब्यांची पिशवी उतरवून घेतली. "मग निघायचं कधी?"

"आधी पाणी तर पी," लामदुआनबाई आत जात म्हणाल्या. "सकाळीही बस असते."